घर पुरं झालं की सामान उचलायचं

नागपूरच्या धर्मपेठेत आणि रामदासपेठेत साठीच्या दशकात जे नवे बंगले उभे राहिले, त्यांतल्या कितीतरी बंगल्यांत मालकाच्या आधी आम्ही राहिलो. मालक राहायला आला की आम्ही निघायचो. हे मी मिरवायला सांगत नाही. आमचं जगणंच तेव्हा तसं होतं.

माझे वडील गवंडी. आमच्याकडे त्यांना मिस्त्री म्हणतात. आई त्याच कामावर रेजा, म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन विटा-रेती वाहणारी बाई. दोघं उमरेडकडच्या खेड्यातून लग्नानंतर नागपुरात आले. सोबत एक पेटी होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. ठेकेदाराला बांधकामावरच्या सिमेंट-लोखंडाची राखण करायला कोणीतरी हवंच असे. मिस्त्रीचं बिऱ्हाड तिथंच राहिलं की त्याचं काम भागायचं आणि आमच्या डोक्यावर छप्पर यायचं. आधी टिनाचं खोपडं. मग स्लॅब पडून खालच्या फळ्या-बल्ल्या निघाल्या की आम्ही घरात.

घर म्हणजे काय, चार भिंती आणि भोकं. दाराच्या जागी भोक, खिडकीच्या जागी भोक. त्यांना पोत्याचा बारदाना लावायचा. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण जानेवारीतली थंडी ज्यानं बिनदाराच्या घरात काढली त्यालाच ती कळते. आईचे हात सिमेंटनं फुटलेले असत. एका हिवाळ्यात तिला ताप आला, तीन दिवस उतरेना. बाबांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जोडून पडदा शिवला. तापातही ती सारखी विचारायची, "दार बसलं का जी? दार बसलं का?" मला वाटायचं, वारा लागतो म्हणून विचारते. नंतर कळलं, तिला दाराचीच भीती होती. दारं बसली की काम संपत आलं, आणि काम संपलं की आम्ही बाहेर.

घर जसजसं पुरं होई तसतसे आम्ही मागे सरकत जायचो. पुढच्या खोलीला प्लास्टर लागलं की आम्ही मधल्या खोलीत. मधलीत फरशी बसली की स्वयंपाकघरात. तिथं रंग आला की जिन्याखाली. शेवटच्या दिवशी आई घर झाडून-पुसून लख्ख करायची, भांडी दोन बारदान्यांत बांधायची, पेटीवर वळकटी ठेवायची आणि आम्ही पुढच्या बांधकामाकडे चालू लागायचो. मी नऊ वर्षांची होईतो अशी किती घरं झाली ते मोजलं नाही. मोजून काय करणार होतो?

शाळेत बाईंनी सांगितलं की आपलं नागपूर भारताच्या बरोबर मध्यभागी आहे आणि तसा दगडी खांबच शहरात उभा आहे, दगडाचे घोडेही आहेत. मी बाबांना हट्टानं तिथं नेलं. त्यांनी घोडे पाहिले, खांबाला बोटानं टकटक करून पाहिलं, जोत्यावर हात फिरवला.

"दगड चांगला घडवला," ते म्हणाले. "पण हे इथं काहून बांधलं गा?" गा, म्हणजे अरे, हे त्यांनी खांबालाच म्हटलं.

"बाबा, इथून सगळ्या देशाची अंतरं मोजतात."

"अस्सं. मंग आपलं घर इथून किती लांब हाये, इचार याले."

त्या आठवड्यात आम्ही बजाजनगरच्या बाजूला होतो. पुढच्या महिन्यात कुठं असू ते खांबालाही सांगता आलं नसतं.

शाळेच्या रजिस्टरात माझा पत्ता 'नवीन बांधकाम, पाण्याच्या टाकीजवळ' असा लिहिलेला होता. टाकी बदलायची, पण तो पत्ता दहावीपर्यंत तसाच राहिला.

सातवीत एका मैत्रिणीनं वाढदिवसाला घरी बोलावलं. लक्ष्मीनगरातलं घर. फाटकापाशी गेल्यावरच मला ओळख पटली, आम्ही तिथं आठ महिने राहिलो होतो. मी काही बोलले नाही. पण हात धुवायला जाताना कोणी न सांगता मी बरोबर मागच्या मोरीकडे गेले. तिची आई म्हणाली, "अगं, तुला कसं कळलं मोरी इकडे आहे?"

आता खोटं काय बोलायचं? मी म्हटलं, "काकू, आम्ही इथं राहत होतो. तुमच्या आधी. माझ्या बाबांनी बांधलंय हे घर. त्या कोपऱ्यात आमची चूल होती."

मला वाटलं, संपलं, आता उठून जावं लागणार. पण त्या बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे त्या भिंतीवरचा काळा डाग तुमचा होय! मी दर दिवाळीला चुना मारते आणि दर होळीला तो परत वर येतो. तीन रंगारी झाले!"

सगळे हसले. मीही हसले. त्यांनी मला केकचा दुसरा तुकडा दिला आणि डागाजवळ नेऊन उपाय विचारला. मी घरी येऊन बाबांना विचारला. बाबा म्हणाले, "प्लास्टर खरडून नवं मारा लागते. वरून किती बी रंग लावला तरी धुराचा डाग येते." हा निरोप मी पोचवला. त्यांनी खरंच बाबांना बोलावून तेवढी भिंत करून घेतली.

माझं काम तराईचं होतं. तराई म्हणजे नव्या स्लॅबला, नव्या भिंतीला पाणी देत राहणं. नाहीतर सिमेंट तडकतं. शाळेआधी मी बादली आणि टमरेल घेऊन स्लॅबवर जायची. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी तुंबवलेलं असायचं. त्यात पाय सोडून मी पाठांतर करायची. वर कोणी नसतं, हवा असते, अख्खं नागपूर दिसतं, झाडं आणि मधेमधे नव्या घरांचे सांगाडे. अभ्यासाला त्याच्याइतकी चांगली जागा मला पुढं कुठल्याच लायब्ररीत मिळाली नाही.

आणि त्याच ओल्या भिंतींवर आई लिहायला शिकली. तिला शाळा माहीत नव्हती. प्लास्टर ओलं असलं की मी खिळ्यानं एक अक्षर काढायची, ती खाली तसंच काढायची. मग बाबा थापीनं सगळं पुसून टाकायचे आणि ओरडायचे.

"मालकाच्या भिंतीवर बाराखडी काढून राहिल्या! उद्या तो म्हणन, हे काय हाये?"

"पुसून टाका नं जी," आई म्हणायची. "तुमचा हात कायले हाये?"

असं करत करत तिला स्वतःचं नाव आलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. बाबा अंगठाच लावत राहिले. म्हणायचे, अक्षराची ओळ सरळ आहे की नाही तेवढं मला कळतं, बस झालं.

मी कॉलेजात गेले तेव्हा आमच्या घराण्यात आणि वडिलांच्या खेड्यातल्या आमच्या वस्तीत कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. फी माफ होती, म्हणून जाता आलं. पहिल्या दिवशी बाबा सोबत आले. जुनी दगडी इमारत, मोठाल्या कमानी. बाकीच्यांचे वडील ऑफिसात जाऊन चौकशा करत होते. माझे वडील कमानीखाली मान वर करून उभे. बराच वेळ झाला तेव्हा शिपायानं विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "कमान बसवणाऱ्याचा हात साफ हाये. पोरीले इथं शिकू द्याले हरकत नाही."

बी.ए.च्या पहिल्या वर्षात असताना वाचनालयातल्या वर्तमानपत्रात मी जाहिरात वाचली. शहराच्या कडेला शेतं मोडून नवे लेआउट पडत होते, आणि ज्यांना घर नाही अशा कामगारांसाठी लहान प्लॉट सोडतीनं मिळणार होते. त्या संध्याकाळी मी घरी, म्हणजे एका अर्ध्या बंगल्यात, वाचून दाखवलं. बाबा हसले. "आपल्याले कोण देते?" आई हसली नाही. म्हणाली, "फारम आण."

फॉर्म भरायला मी आईला घेऊन त्या ऑफिसात गेले. खिडकीतले बाबू चांगले होते, पण त्यांचाही इलाज नव्हता.

"सध्याचा पत्ता?"

"बांधकाम चालू आहे," मी म्हटलं.

"बरं, ते झाल्यावर कुठं राहणार?"

"दुसऱ्या बांधकामावर."

"आणि ते झाल्यावर?"

"बाबूजी," आई मधेच बोलली, "तेच तर तुमाले इचारून राहिलो."

रांगेतले लोक हसले. बाबूंनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, नंबर लागला तर टपाल कुठं पाठवू?"

मी कॉलेजचा पत्ता दिला. मग सहीचा प्रश्न आला. बाबा कामावर होते. बाबू म्हणाले, अर्जदार समोर हवा. आईनं पेन घेतलं आणि अर्जदार म्हणून स्वतःचं नाव सावकाश, एक एक अक्षर लिहून काढलं. बाबूंनी कौतुकानं पाहिलं आणि शिक्का मारला. असा तो अर्ज आईच्या नावानं गेला. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. सही तिला येत होती, एवढंच.

चार-पाच महिन्यांनी भूगोलाचा तास चालू असताना शिपाई लिफाफा घेऊन वर्गात आला आणि त्यानं आईचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. "ही कोण?" त्यानं विचारलं. प्राध्यापक म्हणाले, या नावाची विद्यार्थिनी नाही. मी उभी राहिले. "सर, माझी आई आहे." सरांनी लिफाफा उघडायला परवानगी दिली. नंबर लागला होता. अख्ख्या वर्गाला आमच्या घरच्यांआधी कळलं, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मानेवाड्याच्या बाजूला, काळ्या मातीत खुंट्या ठोकलेला वीस बाय तीसचा तुकडा. आजूबाजूला तुरीचं शेत.

पत्रात दोन अटी होत्या. दोन वर्षांत घर बांधून पूर्ण करायचं आणि पूर्ण झाल्याचा दाखला घ्यायचा. आणि त्या घरात स्वतःच राहायचं, विकायचं नाही. यातलं काही चुकलं तर प्लॉट परत जाणार होता.

बाबांनी सुट्टीच्या दिवशी काम सुरू केलं. जोत्याची पातळी त्यांनी पाण्याच्या नळीनं तीनदा तपासली. बंगल्यांना एकदाच तपासायचे. काळी माती पावसात फुगते म्हणून पाया इतका खोल नेला की शेजारच्या प्लॉटवाल्या आयाबाई विचारायला आल्या. त्या दवाखान्यात आया होत्या, तोंडानं फटकळ.

"काय मिस्त्री, विहीर खोदून राहिले का?"

"घर हाये बाई."

"किती माळ्याचं? मले वाटलं पाणी लागलं तर आमाले बी देसान."

स्लॅबच्या दिवशी बाबांचे सगळे जोडीदार आले, मजुरी न घेता. सकाळी सातपासून घमेली हातोहात वर गेली, मीही रांगेत होते. शेवटी मटणाचा रस्सा आणि भात. आयाबाईंनी दोन वेळा घेतला आणि म्हणाल्या, पाया खोल होता ते बरंच झालं, एवढे लोक जेवून उभे राहिले तरी घर हललं नाही.

महिन्याभरानं फळ्या निघाल्या आणि आम्ही राहायला गेलो. सवयीप्रमाणेच. खिडक्यांना बारदाना, दाराला बारदाना. मग दारं बसली, खिडक्या बसल्या. मागची खोली झाली. आणि काम थांबलं.

पुढच्या खोलीच्या एका भिंतीला प्लास्टर नव्हतं, जमिनीला फरशी नव्हती. आठ-दहा दिवसांचं काम. बाबा म्हणाले, रेती बरोबर नाही, कन्हान नदीची रेती पाहिजे. कन्हानची रेती आली. मग म्हणाले, जाड आहे, चाळावी लागेल. मी आणि आईनं दोन रविवार लावून चाळली. मग म्हणाले, उन्हाळ्यात प्लास्टर तडकतं. पाऊस आला तेव्हा, पावसात वाळत नाही. दिवाळी आली तेव्हा एका मोठ्या बंगल्याचं काम अंगावर होतं. जो माणूस परक्याचं घर सांगितल्या दिवशी पुरं करून देत होता, त्याचं स्वतःचं घर वर्षभर अर्धं.

आयाबाई जाता-येता बोलायच्या. "दुनियेच्या घराले पावडर-लाली, आन् मिस्त्रीच्या घराले तोंड धुवाले बी येळ नाही."

दोन वर्षं संपली. मी अर्ज लिहून तीन महिने वाढवून घेतले. बाबूंनी सांगितलं, यापुढे वाढ नाही, तीन महिन्यांनी तपासणीला साहेब येतील, घर पूर्ण दिसलं नाही तर प्लॉट यादीतल्या पुढच्याला जाईल. मी हे घरी येऊन सांगितलं. बाबा मान हलवून कामाला निघून गेले. महिना गेला. दुसरा गेला.

माझी बी.ए.ची परीक्षा तोंडावर होती आणि पुस्तक उघडलं की मला ती उघडी भिंत दिसायची. एका सकाळी मी चिडून बोलले. "बाबा, तुम्हाला घर नको आहे का? सांगा तसं, मी ऑफिसात लिहून देते."

ते चहाचा कप घेऊन दारापुढच्या ओट्यावर बसले होते. आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

"काहून जी? घर काहून पुरं करत नाही?"

"करतो नं."

"कवा?"

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तूच सांग, आजपर्यंत जे घर पुरं केलं, त्यात दुसऱ्या दिवशी आपुन राहिलो का?"

आईनं नाही म्हणून मान हलवली.

"थापी उचलली का हात थांबते. वाटते, झालं का जा लागन. मले बी समजते हे येडेपण हाये. पण हातालेच समजत नाही." आणि मग जरा लाजून, "आन् दुसरं. काम पुरं झालं का मालक मिस्त्रीले दुपट्टा-नारळ देते. तवा काम सुटते. तशी रीत हाये. इथं मले कोण देईन? मीच मले देऊ का?"

ही रीत खरीच होती. शेवटच्या दिवशी घरमालक मिस्त्रीच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकतो, हातात नारळ देतो. तो मिळाल्याशिवाय मिस्त्री हत्यारं धुऊन ठेवत नाही. बाबांच्या पेटीत असे दुपट्टे घडी घालून ठेवलेले होते.

आई उठली. दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारात जाऊन आली. पिशवीत काय आहे ते कोणाला दाखवलं नाही. संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा ती दारात उभी होती. डोक्यावर पदर आणि कमरेवर हात. बंगल्यांच्या मालकिणी जशा उभ्या राहायच्या, तशीच.

"मिस्त्री! ओ मिस्त्री! हे काम कवा होईन?"

बाबांनी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणते.

"तुमालेच म्हणून राहिली. दोन वर्षं झाले. आमाले घरात राहाचं हाये का नाही? आन् हा कोपरा पाहा, मले वाकडा दिसते."

"वाकडा?" बाबांचा आवाज चढला. "कोणता कोपरा?"

"हाच."

"ओळंबा लावून पाहा! सुताभर फरक निघाला तर मिशी काढून ठेवतो!"

"मिशी ठेवा तुमची. आमाले भिंत पाहिजे. जमत नसन तर सांगा, दुसरा मिस्त्री पाहतो. मालकीण मी हाओ, कागदावर माही सही हाये."

आयाबाई कुंपणाजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. "माह्या ओळखीचा एक हाये बाई," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत करून देते."

"आठ दिवस?" बाबांनी डबा खाली ठेवला. "सहा दिवसांत करतो. पोट्टे, पाणी भर!"

पोट्टे म्हणजे मी. बी.ए. फायनलला होते, पण पाणी भरलं. ओल्या भिंतीवर खिळा न्यायची आईची आणि माझी दोघींचीही हिंमत झाली नाही. सहाव्या दिवशी फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरून झालं. बाबा उठून उभे राहिले आणि आईनं इतवारीतला तो दुपट्टा त्यांच्या खांद्यावर टाकला, हातात नारळ दिला. हसणार होती, पण डोळे भरून आले. बाबांनी रीतीप्रमाणे दोन्ही हात जोडले. म्हणाले, "मालकीणबाई, काही कमी-जास्त झालं असन तर सांगा." मग बाहेर जाऊन हत्यारं धुतली.

फरशी मुरली. तपासणीच्या दिवशी मी सकाळीच ऑफिसात गेले, साहेबांना घेऊन यायला. लेआउटातल्या गल्ल्यांना नावं नव्हती, कोणाला पत्ता सापडत नसे. साहेब स्कूटरवर होते, मी मागे बसले. रस्ताभर ते सांगत होते की गेल्या आठवड्यात चार घरं पाहिली, त्यांतली दोन विकलेली निघाली. घर बांधतात, पूर्ण करतात आणि दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. "असे प्लॉट आम्ही परत घेतो," ते म्हणाले. मी ताठ मानेनं म्हटलं, "साहेब, आमचं तसं नाही. आम्ही तिथंच राहतो. या तुम्ही, पाहा."

आम्ही पोचलो. ओट्यावर दोन बारदाने बांधून ठेवलेले. पेटी. पेटीवर वळकटी. आत घर झाडून-पुसून लख्ख, एक भांडं नाही, खुंटीला एक कपडा नाही. आई हातात झाडू घेऊन उंबऱ्याबाहेर आणि बाबा सायकलला दोरी बांधताहेत.

मी स्कूटरवरून उतरले ती तशीच उभी राहिले.

साहेब म्हणाले, "काय, निघाले वाटतं? कोणाला दिलं?"

आईनं झाडूकडे पाहिलं, बारदान्यांकडे पाहिलं. बाबांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं. खरं सांगते, त्या दोघांना तोवर लक्षातच आलं नव्हतं. घर पुरं झालं, साहेब येणार, म्हणून आई पहाटे उठून आवरायला लागली, आणि हातांनी वर्षानुवर्षं जे केलं होतं तेच केलं. तिनं बांधलं म्हणून बाबांनी दोरी काढली.

"अवं माय," आई म्हणाली, "हे मी काय करून बसली!"

"साहेब, नाही," मी म्हटलं, "सवय आहे त्यांची..." आणि पुढचं सगळं एका दमात सांगितलं. बंगले, राखण, शेवटच्या दिवशीचं सामान. साहेब ऐकत होते, पण त्यांचा चेहरा काही बदलला नाही. असल्या गोष्टी त्यांनी रोज ऐकलेल्या असणार. कुंपणाकडून आयाबाई ओरडल्या, "साहेब, इथंच राहतात हे! रोज भांडतात, मले सगळं आयकू येते!" त्यावर साहेबांनी हं म्हटलं, वही काढली आणि टेप घेऊन आत गेले.

त्यांनी खोल्या मोजल्या. खिडक्या मोजल्या. भिंतीवर हात फिरवला, कोपऱ्यापाशी थांबले, तिथं बोट लावून पाहिलं आणि पुढं गेले. मग स्वयंपाकघरात वाकले. उभ्यानं स्वयंपाक करायचे ओटे तेव्हा नव्यानं आले होते आणि बाबांनी हौसेनं आईला तो करून दिला होता. साहेबांनी त्याला टेप लावला, परत लावला.

"मिस्त्री, हा ओटा अर्धा फूट कमी कसा? सगळीकडे एकच माप असतं."

"मापात हाये, साहेब."

"कोणाच्या मापात?"

बाबांनी आईकडे बोट केलं. आई ठेंगणी, साहेबांच्या खांद्यालाही लागत नव्हती. "मालकिणीच्या. उभी करून मापला. वरची फळी बी तिच्याच हाताची हाये, तिथं तुमचं डोकं लागन, सांभाळा."

साहेबांनी वर पाहिलं. फळी कपाळापासून चार बोटांवर होती. मग त्यांनी आईला बोलावलं. "बाई, या उभ्या राहा इथं." आई ओट्यापाशी उभी राहिली. हात बरोबर कोपरापासून ओट्यावर टेकले. तिनं न पाहता हात वर केला आणि तो फळीवर पडला. खुंटी, कोनाडा, खिडकीची कडी, सगळं तसंच.

साहेब हसायला लागले. "हे घर दुसऱ्या कोणाला विकताच येणार नाही," ते म्हणाले. "घेणाऱ्याची कंबर मोडेल." ओट्यावरच वही ठेवून त्यांनी सही केली, आणि जाताना म्हणाले, "आता ते सामान आत घ्या. मी वळून पाहणार आहे."

आम्ही सामान आत घेतलं. चहा झाला, तोही नव्या ओट्यावर. आयाबाईंना बोलावलं, त्या नारळाचं खोबरं घेऊन गेल्या. संध्याकाळी बाबांच्या जोडीदारांसोबत बुद्धवंदना झाली.

पंधरा दिवसांनी टपालानं दाखला आला. पोस्टमननं आईचं नाव घेऊन हाक मारली आणि आईनं सही करून तो घेतला. घर पूर्ण झाल्याचं त्यात लिहिलं होतं, खाली प्लॉट नंबर, लेआउट, नागपूर. त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. पास झाले, आणि निकालाचं पत्र त्याच पत्त्यावर आलं. आम्ही ते घर पूर्ण केलं आणि त्यातून निघालो नाही.